समान स्खलन आणि रुग्णालयातील साथ

पाठचिकित्सेतील एक तत्त्व आपल्या विभागाचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतात आणि बहुधा परीक्षेनंतर विसरतात. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ समान आढळला, तर त्यावरून त्या पोथ्यांच्या परस्परसंबंधाविषयी काहीच सिद्ध होत नाही. शुद्ध पाठ दोघींनाही मुळातूनच मिळालेला असू शकतो. परंतु दोन्ही पोथ्यांत एकच चूक आढळली, आणि ती दोन लेखनिकांच्या हातून स्वतंत्रपणे सहसा घडू नये अशी असली, तर मात्र एका पोथीवरून दुसरी उतरली असावी, अथवा दोन्ही पोथ्या आज हरवलेल्या एखाद्या तिसऱ्या प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे मानावे लागते. नाते ठरते ते समान शुद्धतेवरून नव्हे, तर समान स्खलनावरून. भाषांचा कुलनिर्णय करतानाही आपण हेच करतो. दोन बोलींनी एखादे जुने रूप जतन केले यावरून त्या एका शाखेच्या ठरत नाहीत. दोघींनी मिळून एखादे नवे रूप घडवले असेल, तरच ठरतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या निमित्ताने डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत पोथ्यांच्या परंपरांची जी वंशावळ मांडली आणि डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४१ साली भारतीय पाठचिकित्सेवरील आपल्या ग्रंथात या शास्त्राचे जे नियम सांगितले, त्यांचा पायाही याच विचारावर उभा आहे.

हे सर्व येथे सांगण्याचे कारण असे की, २०११ साली अमेरिकेतील एका रुग्णालयात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंची जी साथ उद्भवली, तिचा माग नेमक्या याच तत्त्वाने काढण्यात आला. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे आणि जीवशास्त्रज्ञही नव्हे. परंतु ही युक्तिपद्धती आपल्या घरातली आहे. ती दुसऱ्याच्या अंगणात कशी चालते आणि कोठे अडखळते, हे पाहण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकाला आहे असे वाटते.

प्रथम परिभाषेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण या विषयात परिभाषाच माणसाला चकवते. ‘अँटिबायोटिक’ला मराठीत ‘प्रतिजैविक’ हा शब्द आता बऱ्यापैकी रुळला आहे. अडचण आहे ती ‘रेझिस्टन्स’ या शब्दाची. त्यासाठी आपण ‘प्रतिकार’ हा शब्द योजतो. पण मराठी माणसाच्या कानाला ‘प्रतिकार’ म्हटले की ‘रोगप्रतिकारशक्ती’ आठवते, म्हणजे रुग्णाच्या अंगचा एक सद्गुण. गतवर्षी आमच्या एका वडीलधाऱ्या नातलगांना रुग्णालयात ठेवले होते. तेथील तरुण डॉक्टरांनी तपासणीचा अहवाल वाचून, “या औषधाला प्रतिकार दिसतो आहे,” असे सांगितले, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आत्याबाई समाधानाने उद्गारल्या, “चला, म्हणजे अंगात अजून ताकद आहे म्हणायची!” डॉक्टरांना काय बोलावे ते सुचेना. प्रतिकार होता तो जिवाणूंचा. आत्याबाईंनी तो रुग्णाच्या खात्यावर जमा केला. हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली भारतासह बारा देशांत जी पाहणी केली, तीत शेकडा ७६ लोकांनी असेच सांगितले की, औषधाला सरावते ते आपले शरीर. ज्याला असे वाटते, तो आपला औषधप्रतिकार ही आपली खाजगी बाब मानणार. शेजारच्या खाटेवरील माणसाशी तिचा काही संबंध असेल, हे त्याच्या मनातही यावयाचे नाही. म्हणून या लेखात ‘औषधरोधी जिवाणू’ असे म्हटले आहे. शब्द ओबडधोबड आहे खरा. पण रोध करणारा कोण, हे तो लपवीत नाही.

जिवाणू औषधरोधी होतात याचे कारण थोडक्यात असे. जिवाणूची एक पेशी दुभंगून दोन होतात आणि प्रत्येक वेळी तिच्या जनुकीय मजकुराची नवी नक्कल उतरते. नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात; एखादी मात्र अशी असते की, तीमुळे ती पेशी औषधाच्या माऱ्यातूनही तगते. औषध इतर पेशींना मारते आणि हिच्यासाठी मैदान मोकळे करते. शिवाय काही जिवाणूंपाशी औषधाचा रेणू फोडणारी विकरे आधीपासूनच असतात. पेनिसिलिनचा नाश करणाऱ्या विकराची नोंद अब्राहम आणि चेन यांनी १९४० सालीच केली होती. तोवर ते औषध सर्वसामान्य रुग्णांच्या हाती पडलेही नव्हते. पुढे १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना होऊन आपल्याकडे पेनिसिलिनच्या उत्पादनाची सोय झाली, तेव्हा या औषधाची शत्रूशी ओळख होऊन एक तप उलटून गेले होते. रुग्णालय हे तर अशा जिवाणूंना वाढीसाठी विशेष सोयीचे स्थान. तेथे अशक्त माणसे एका छपराखाली असतात. त्यांच्या नसांत, मूत्रमार्गात व श्वासनलिकेत नळ्या घातलेल्या असतात. प्रतिजैविकांचा वापर अखंड चालू असतो. आणि एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत जाणारे हात दिवसातून शेकडो वेळा जात असतात.

आपल्या कथेतील जिवाणूचे नाव क्लेब्सिएला न्यूमोनिए. निरोगी माणसाच्या आतड्यात तो निमूटपणे राहू शकतो. रुग्ण दुबळा झाला की तोच फुप्फुसात किंवा रक्तात शिरून प्राणावर बेततो. त्याच्यावर अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांत कार्बापेनेम या वर्गाची गणना होते. या औषधांना फोडून टाकणारे, संक्षेपाने ‘केपीसी’ म्हणून ओळखले जाणारे विकर अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९९६ साली घेतलेल्या एका नमुन्यात सापडले आणि २००१ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. पुढील काही वर्षांत न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत त्याने चांगलेच मूळ धरले.

१३ जून २०११ रोजी न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयातून एक स्त्री-रुग्ण मेरिलँड राज्यातील बेथेस्डा येथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या चिकित्सालयात दाखल झाली. तिच्या अंगी हा जिवाणू आहे हे आधीच ठाऊक होते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून तिला निराळे ठेवण्यात आले. तिच्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला झगा व हातमोजे सक्तीचे करण्यात आले. १५ जुलैला ती बरी होऊन बाहेर पडली. इतर रुग्णांत जिवाणूचा मागमूस आढळला नव्हता. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला असल्यास नवल नाही. आणि तीन आठवड्यांनी, ५ ऑगस्ट रोजी, एका दुसऱ्याच रुग्णाच्या नमुन्यात तोच जिवाणू सापडला. त्यानंतर एकामागून एक रुग्ण सापडत गेले. वर्ष संपेपर्यंत त्यांची संख्या १८ झाली. त्यांपैकी ११ जण दगावले आणि त्यांतील सहा मृत्यूंचे कारण ही बाधा असल्याचा निष्कर्ष निघाला.

येथे जो प्रश्न उभा राहिला, तो पाठचिकित्सकाला चांगलाच परिचयाचा आहे. दुसऱ्या रुग्णाचा जिवाणू पहिलीपासून आला की बाहेरून स्वतंत्रपणे आला? मधला तीन आठवड्यांचा कोरा काळ पाहता दोन्ही गोष्टी संभवत होत्या. वरवर पाहता हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा वाटेल. परंतु त्याच्या उत्तरावर पुढची सारी उपाययोजना अवलंबून होती. जिवाणू बाहेरून आला असेल, तर पहारा प्रवेशद्वाराशी हवा. येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची तपासणी केली की काम भागते. तो पहिलीपासून आला असेल, तर झगे, हातमोजे व निराळी खोली एवढे सगळे करूनही भिंतीच्या आतच कोठेतरी फट राहिली आहे, आणि या तीन आठवड्यांत जिवाणू कोणाच्या तरी अंगी गुपचूप वास करून होता, असे मानणे भाग होते. प्रयोगशाळेतील नेहमीच्या कसोट्यांनी याचा निकाल लागत नव्हता. त्या कसोट्या एवढेच सांगत की, दोन्ही जिवाणू एकाच प्रकारचे आहेत. आणि अमेरिकेच्या पूर्व भागातील बहुतेक अशा जिवाणूंचा प्रकार तोच होता. म्हणजे ‘दोन्ही पोथ्या महाभारताच्या आहेत’ असे म्हणण्यासारखेच ते झाले.

एव्हान स्निटकिन, ज्युली सेग्रे, टारा पामोर आणि त्यांचे सहकारी यांनी मग प्रत्येक रुग्णाच्या जिवाणूचा संपूर्ण जीनोम अक्षर न् अक्षर वाचून काढला आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा मजकूर सुमारे साठ लाख अक्षरांचा असतो. सर्व रुग्णांच्या जिवाणूंची अक्षरे एकाखाली एक मांडून पाहिली, तेव्हा एवढ्या मोठ्या मजकुरात भेदाची स्थळे निघाली ती चाळीसएक. एरवी कोणी म्हणेल, साठ लाखांत चाळीस म्हणजे काहीच नव्हे. पण सारे मर्म या चाळिसांत होते. बाकीची सर्व अक्षरे समान होती. ती एवढेच सांगत होती की, या साऱ्यांचा पूर्वज एक आहे आणि तो फार दूरचा नाही. कोणाचे कोणाशी जवळचे नाते, हे त्या स्खलनांनी सांगितले.

युक्तिवाद कसा चालतो ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, क, ख, ग आणि घ हे चार रुग्ण आहेत. क याच्या जिवाणूत एक विवक्षित अक्षर मूळचेच आहे. ख, ग आणि घ यांच्यात ते बदललेले आहे. शिवाय ग आणि घ यांच्यात आणखी एक अक्षर बदललेले आहे, जे ख याच्यात मूळचेच आहे. मग क पासून ख चा मजकूर निघाला आणि ख पासून ग व घ निघाले, अशी मांडणी सर्वांत सरळ ठरते. यात ग हा रुग्ण ख च्या आधी आजारी पडलेला दिसला, तरी मांडणी बदलत नाही. तो आधी आजारी पडला एवढाच त्याचा अर्थ, आधी बाधित झाला असा नव्हे. पोथीवरचा लेखनकाल आणि तिच्यातील पाठाचे वय या दोन गोष्टी निराळ्या, असे आपण विद्यार्थ्यांना वारंवार बजावतो. उशिरा लिहिलेल्या पोथीत जुना पाठ जिवंत राहतो. तसेच रुग्णालयात ज्याची बाधा उशिरा उघड झाली, त्याच्या अंगी ती आठवडेच्या आठवडे मूकपणे नांदत असू शकते.

बेथेस्डाच्या बाबतीत निकाल निःसंदिग्ध लागला. साथीचा उगम पहिल्या रुग्णातच होता. एवढेच नव्हे, तर तिच्यापासून जिवाणू एकदा नव्हे, तीन वेळा, परस्परांशी संबंध नसलेल्या मार्गांनी इतरांकडे गेला होता. हे कशावरून? तिच्या शरीराच्या निरनिराळ्या भागांतून घेतलेल्या नमुन्यांतील जिवाणू परस्परांपासून काही अक्षरांनी भिन्न होते. त्यांतील एका नमुन्याची स्खलने काही रुग्णांत आढळली, तर दुसऱ्या नमुन्याची निराळ्या रुग्णांत. एकाच घरात एकाच ग्रंथाच्या दोन-तीन प्रती असाव्यात आणि निरनिराळ्या यात्रेकरूंनी निरनिराळ्या प्रतींवरून नकला करून न्याव्यात, तसा हा प्रकार होता.

‘एका रुग्णाचा एक जिवाणू’ हे गृहीतच त्यामुळे डळमळते. येथे आपली उपमा अपुरी पडते. लेखनिकाची पोथी एकदा लिहून झाली की स्थिर होते; रुग्णाच्या अंगातील जिवाणूंची वस्ती मात्र बदलतच राहते. एका वाहकात वस्तुतः एक प्रत नसून प्रतींचे एक लहानसे ग्रंथालय असते, आणि आपण नमुना घेतो तो त्यातील एका कपाटातून.

याचे दुसरे चांगले उदाहरण इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका रुग्णालयाचे आहे. तेथे २०११ साली नवजात अर्भकांच्या विशेष दक्षता कक्षात मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू शिरला. बाधित अर्भकांपैकी शेवटचे घरी गेले, कक्ष धुऊनपुसून स्वच्छ करण्यात आला, आणि ६४ दिवसांनी एका नव्या अर्भकात तोच वंश पुन्हा प्रकटला. मध्ये एकही ज्ञात दुवा नव्हता. म्हणजे हरवलेली एखादी प्रत कोठेतरी असलीच पाहिजे, असे अनुमान निघाले. १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी केल्यावर एका व्यक्तीच्या अंगी तो सापडला. त्या व्यक्तीकडून मिळालेल्या जिवाणूंच्या एकाच वसाहतीवर न थांबता वीस वसाहतींचे जीनोम वाचण्यात आले. त्यांच्यातील परस्परभेद पाहता ती व्यक्ती बराच काळ वाहक असावी, असे दिसले. स्वतः ती आजारी नव्हती. उपचारानंतर ती कामावर परतली.

या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबावेसे वाटते. वंशवृक्षाच्या मुळाशी एखाद्याचे नाव आले, की दोषही त्याचाच, असा समज चटकन होतो. पाठचिकित्सेत ‘भ्रष्ट’, ‘दूषित’ असे शब्द वापरण्याची आपल्याला सवय आहे. पोथीला त्याचे काही वाटत नाही. माणसाला वाटते. बेथेस्डाची पहिली रुग्ण ही साथीची आदर्श प्रत होती, अपराधी नव्हे. मृतांचे आप्त आणि रात्रंदिवस राबणाऱ्या परिचारिका यांच्यासमोर ही वंशावळ ठेवली जात होती, हे लक्षात घेतले म्हणजे रुग्णांना केवळ क्रमांकांनी संबोधण्याच्या रूक्ष प्रघातातील सौजन्य ध्यानात येते.

शिवाय वंशावळ ‘कोणापासून कोणाकडे’ एवढेच सांगते. ‘कोणत्या वाटेने’ हे सांगत नाही. काशीची पोथी पैठणास कोणी आणली, हे तिच्यातील पाठभेदांवरून कळत नाही. त्यासाठी बाहेरचा पुरावा लागतो. बेथेस्डाच्या संशोधकांनी म्हणूनच जीनोमबरोबर रुग्णांच्या हालचालींची दप्तरेही तपासली: कोण कोणत्या दिवशी कोणत्या कक्षात होता, कोणाचा मुक्काम कोणाशी जुळतो. वंशवृक्षाने अनपेक्षित नाती दाखवली, तेव्हा त्या दप्तरांतून काही संभाव्य खुलासे मिळाले. जंतुनाशकांनी पुसून घेतलेल्या एका कृत्रिम श्वसनयंत्रावर साथीचा जिवाणू आढळला. हात धुण्याच्या बेसिनांच्या मोऱ्यांतही तो आढळला. शुद्धीसाठी जेथे जावयाचे, तेच स्थान संशयास्पद ठरले. त्यावर जे उपाय झाले, ते सर्व अगदी जडसृष्टीतले होते. अतिदक्षता विभागात नवी भिंत उभारून बाधितांना पूर्णपणे अलग करण्यात आले, खोल्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडण्यात आली, नळकामाचे भाग काढून टाकण्यात आले, रुग्णांची नियमितपणे तपासणी सुरू झाली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने हात धुतले की नाही हे पाहण्यासाठी खास माणसे नेमण्यात आली. इतक्या सूक्ष्म वाचनाची फलश्रुती अखेर ‘हात धुतले का?’ या प्रश्नात व्हावी, याचे कोणाला हसू येईल. प्रस्तुत लेखकाला येत नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात, साथ आटोपली असे वाटत असताना, आणखी एका रुग्णाला तेथे हीच बाधा झाली आणि सप्टेंबरमध्ये तो मरण पावला.

आता या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा. सुकथनकरांना जो त्रास देवनागरी पोथ्यांनी दिला, तोच येथेही आहे. एका परंपरेची पोथी उतरवताना लेखनिक शेजारची दुसऱ्या परंपरेची पोथीही उघडून ठेवतो आणि आवडेल तो पाठ उचलतो. अशा संमिश्र पोथीला कोणत्या फांदीवर बसवावे? भाषेत हेच काम उसनवारी करते. मराठीत ‘टेबल’ आहे आणि इंग्रजीतही आहे, एवढ्यावरून कोणी त्यांचे जवळचे नाते सांगू लागला, तर आपण त्याला पहिल्या वर्षात परत पाठवू.

जिवाणूंत ही उसनवारी सर्रास चालते. औषध फोडणाऱ्या विकराचे जनुक पुष्कळदा जिवाणूच्या मुख्य मजकुरात नसतेच. ते प्लास्मिड नावाच्या एका सुट्या, वर्तुळाकार पुरवणीत असते. ही पुरवणी एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, आणि तो दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी बिघडत नाही. याचे ठळक उदाहरण २००८ सालचे आहे. दिल्लीत रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या, भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या मूत्रात कार्बापेनेमला दाद न देणारा क्लेब्सिएला सापडला. त्याच्या प्लास्मिडवर एक नवेच जनुक होते. पुढे त्याच रुग्णाच्या मलात एशेरिकिया कोलाय या दुसऱ्याच जातीच्या जिवाणूत ते जनुक निराळ्या आकाराच्या प्लास्मिडवर आढळले. या विकराला २००९ साली ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, संक्षेपाने एनडीएम, असे नाव देण्यात आले. २०१० मध्ये मुंबईतील एका रुग्णालयातूनही त्याची नोंद प्रसिद्ध झाली. नावावरून आपल्याकडे मोठा गहजब झाला. ‘द लान्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी जानेवारी २०११ मध्ये या नामकरणाबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. वस्तुतः अशा विकरांना गावांची नावे देण्याची प्रथा जुनीच होती. व्हेरोना आणि साओ पाउलो यांची नावे आधीच वापरात होती. पण ती आद्याक्षरांत लपून गेली आणि दिल्लीचे नाव वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकले. या वादात शक्ती फार खर्च झाली, असे लेखकाचे मत आहे. नाव कसेही असो, जनुक वॉर्डात होतेच.

अशा प्रसंगी जिवाणूंचा वंशवृक्ष काढून भागत नाही. क्लेब्सिएलाचे झाड एक, कोलायचे झाड दुसरे, आणि या दोन झाडांच्या फांद्यांवरून इकडून तिकडे उडणाऱ्या जनुकाचा इतिहास तिसरा. वॉर्डात दोन निरनिराळ्या जातींचे जिवाणू दोन रुग्णांत आढळले, तर जुन्या रीतीने पाहणारा म्हणेल, यांचा संबंध नाही. आणि साथ त्याच्या डोळ्यांदेखत पुढे जाईल. अलीकडे प्लास्मिडचा मजकूर स्वतंत्रपणे, सलग वाचण्याची साधने उपलब्ध झाली आहेत व त्यामुळे पुरवणीची वेगळी वंशावळ मांडणे शक्य होऊ लागले आहे. आपण शब्दाची व्युत्पत्ती आणि भाषेचे कुल हे दोन प्रश्न वेगळे ठेवतो, तसेच हे आहे. मात्र शब्द उसना घेतल्याने भाषा जगते. जनुक उसने घेतल्याने जिवाणू जगतो आणि खाटेवरच्या माणसापुढे औषधांची यादी एका नावाने आखूड होते.